टपावर दोन थापा

भाताची पोती माणूस कुठे ठेवतो? माळ्यावर ठेवतो, पडवीत ठेवतो, फार तर ओटीच्या कोपऱ्यात रचतो. कडावचा भिवाजी मात्र ती अंगणात उभ्या असलेल्या पिकअपच्या हौद्यात ठेवत होता. वर ताडपत्री, ताडपत्रीवर दोर, आणि दोराला अशी गाठ की ती त्याच्याशिवाय कुणाच्या बापाला सुटू नये. टायरवरून उंदीर वर चढत नाहीत, असा त्याचा दावा होता.

"चढतात काका, मी पायलंय," शेजारचा कमळ्या म्हणायचा.

"तुझ्या घरातले चढत असतील," असं म्हणून भिवाजी विषय मिटवायचा.

खरं कारण वेगळं होतं आणि ते अख्ख्या आळीला ठाऊक होतं. पोत्यांनी भरलेली गाडी कुणी चालवायला मागत नाही.

गाडी संतोषची, म्हणजे भिवाजीच्या मुलाची. वालाच्या शेंगा, काकडी, दुधाचे कॅन, लग्नातली भांडी, जे मिळेल ते भरून तो कर्जत, नेरळ, खोपोली करायचा. सुगीत लेक पुढे स्टिअरिंगवर आणि बाप मागे हौद्यात उभा, अशी जोडी असायची. मागच्याने केबिनच्या टपावर एक थाप मारली की थांब, दोन मारल्या की चल. या थापांवरून दोघांची भांडणंही व्हायची, कारण वाटेत कुणी ओळखीचं दिसलं की भिवाजीचा हात टपावर पडलाच म्हणून समजा.

सव्वा वर्षामागे, कापणी उरकत आली असताना, याच गाडीवर पेंढ्याचे भारे रचून संतोष वर उभा राहून दोर आवळत होता. दोर तुटला आणि संतोष पाठीवर पडला. मुंबईचं हॉस्पिटल झालं, महिनोन् महिने व्यायाम झाले, पण कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. घरी चाकांची खुर्ची आली. ती आली त्या दिवशी भिवाजी गाडीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ह्यापुढं तुझ्यात पाय ठेवला तर नावाचा भिवाजी नाय." त्याने तो शब्द पाळला. पोतीसुद्धा तो खालून उचलून द्यायचा, वर चढून रचायला कमळ्या.

संतोषचे हात मात्र दणकट होते. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाकावर, सगळं आपलं आपण कसं करायचं ते हॉस्पिटलात त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. घरी त्याचा उपयोग शून्य झाला. सकाळी त्याने डोळे उघडायच्या आत बाप त्याच्या काखेत हात घालून उभा. चौतीस वर्षांचा बाप्या, बापाहून वजनाने जास्त, पण भिवाजी त्याला उचलायचा आणि वर "खातोस काय रं तू?" असं कौतुकाने विचारायचा. आळी तर त्याच्याही वरचढ. एकदा संतोष अंगणात छान ऊन खात बसला होता. कमळ्या आणि त्याचा भाऊ आले आणि खुर्चीसकट उचलून त्याला ओटीवर ठेवून गेले.

"आरं, मी बसलोय हितं!" संतोष ओरडला.

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे, त्यात काय!" कमळ्या हात झटकत म्हणाला. त्याला वाटलं, हा आभार मानतोय.

अशा वेळी संतोषच्या चेहऱ्यावर जे यायचं ते त्याची बायको छाया बघत होती. म्हणून एक दिवस ती कुणाला न विचारता कर्जतला गेली आणि वाल्मिक मेस्त्रीला घेऊन आली.

वाल्मिकचं गॅरेज कर्जतला, पण बोलणं सुरू झालं की भिवपुरीपर्यंत ऐकू जावं. हात दोन असले की गाडी चालते, पाय हे नुसतं चैनीचं सामान आहे, असं त्याने आल्या आल्या जाहीर केलं. त्याने पुण्याहून सुटे भाग मागवले आणि रोज मोटारसायकलवरून हत्यारं घेऊन तो भिवाजीच्या अंगणात यायला लागला. स्टिअरिंगच्या बाजूला एक दांडा बसला. पुढे ढकलला की ब्रेक, खाली दाबला की वेग. क्लचची कळ गिअरच्या दांड्यावर आली. केबिनच्या मागे, हौद्याच्या कडेला, विहिरीवरच्या कप्पीसारखा एक लोखंडी हात मोटर लावून उभा राहिला. बटण दाबलं की तो रिकामी खुर्ची उचलून हौद्यात ठेवायचा. पण वाल्मिकला खरा अभिमान होता तो फळीचा. गुळगुळीत घासलेली सागाची फळी, एक टोक खुर्चीवर, दुसरं गाडीच्या सीटवर. संतोषने हातावर जोर देऊन तिच्यावरून सरकायचं की थेट सीटमध्ये. वाल्मिकने सीटची उंची अशी जुळवली होती की फळीवर भरलेला पेला ठेवला तर पाणी हलू नये. त्याने तो पेला ठेवूनही दाखवला आणि मग त्यातलं पाणी पिऊन टाकलं.

संतोष रोज सराव करायला लागला. आत, बाहेर, आत, बाहेर. इंजिन सुरू करून जागच्या जागी दांडा दाबून बघायचा. लायसनची परीक्षा तो पनवेलच्या एका शिकवणीवाल्याच्या गाडीवर पास होऊन आला. आता फक्त ही गाडी आरटीओला दाखवायची राहिली होती. घरात बऱ्याच दिवसांनी शिट्टी ऐकू यायला लागली, आणि ती कुकरची नव्हती.

भिवाजी मात्र धास्तावला. खुर्चीत बसलाय तोवर पोरगा डोळ्यांसमोर आहे, असा त्याचा सरळ हिशोब होता. गाडी रस्त्यावर गेली की रस्त्यावर काय काय असतं ते त्याला ठाऊक होतं. त्याने गुपचूप लोधिवलीच्या गजाशेठला निरोप धाडला. गजाशेठ जुन्या गाड्या घेऊन विकायचा, आणि अंगाने इतका भरघोस होता की त्याच्याखाली कुठलीही गाडी स्वस्त दिसायची. तो आला, गाडी बघितली, आणि रविवारी घेऊन जातो म्हणाला.

त्या संध्याकाळी घरात जो गदारोळ झाला तो चार घरं ऐकत होती.

"अवं, गाडी इकताय का पोराला?" इंदूबाई नवऱ्याला म्हणाली.

"मी जिता हाय तवर त्याला काय कमी पडनार नाय," भिवाजी म्हणाला.

"तेच तर कमी पडतंय बाबा," छाया म्हणाली. सासऱ्याला ती कधी उलटून बोलत नसे, पण आज बोलली. "तुमी त्यांना कायच करू देत नाय."

संतोष शांतपणे म्हणाला, "गजाशेठला येऊ द्या रविवारी. त्याच्यादेखत मी घरातून निघून गाडीत बसतो, देवळापर्यंत जाऊन येतो. जमलं तर गाडी ऱ्हाईल. नाय जमलं तर चावी मीच देतो त्याच्या हातात."

"कुनी हात लावायचा नाय," भिवाजी म्हणाला. "एक बोट लागलं तरी गाडी गेली."

"मंजूर," संतोष म्हणाला.

शनिवारी भिवाजीने गाडी रिकामी करायला घेतली. गाडीबरोबर गजाशेठला आपलं भात कशाला द्या? कमळ्या वरून पोतं सरकवायचा, भिवाजी खाली पाठीवर घेऊन ओटीवर नेऊन रचायचा. शेवटचं पोतं निघालं तशी गाडी करकरली आणि हलकी होऊन जराशी वर आली. जू काढल्यावर बैल मान वर करतो तशी. भिवाजीला उगीच वाईट वाटलं. त्याने ती धुतली, समोरच्या काचेवरचं आई एकविरेचं नाव फडक्याने पुसलं आणि तो निमूट घरात गेला.

रविवारी सकाळी अंगणात जत्रा. गजाशेठ खुर्चीत, हातात चहा. वाल्मिक इस्त्रीचा शर्ट घालून आलेला, जणू त्याचंच लग्न. आळीतली माणसं गोल करून उभी, आणि सगळ्यांची पंचाईत एकच, हातांचं करायचं काय? संतोषची खुर्ची उंबऱ्याच्या उतारावरून खाली येताना कमळ्या सवयीने धावलाच. इंदूबाईने त्याच्या शर्टाची मागची बाजू धरून ओढलं.

"हात खिशात घाल मेल्या!"

कमळ्याने हात खिशात घातले. ते बघून बाकीच्यांनीही घातले. बायकांनी पदरात गुंडाळले.

संतोष गाडीपाशी आला, दार उघडलं, खुर्चीचे ब्रेक लावले, फळी टाकली. आणि थबकला. फळी सपाट नव्हती. खुर्चीकडचं टोक खाली, सीटकडचं वर. त्याने हात रोवून जोर लावला, अर्ध्यापर्यंत सरकला आणि घसरून परत खुर्चीत आला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. कपाळावर घाम आला.

"आरं पन परवा तर बराबर होती!" वाल्मिक पुढे धावला. टेप काढली, सीट मापली, खुर्ची मापली, मग स्वतःचं डोकं धरलं. "दोन बोटं वर गेली. सीट वर गेली! अशी कशी जाईल?"

"दृष्ट लागली," मागून कुणी म्हातारी म्हणाली.

कमळ्याने दोन विटा आणून खुर्चीच्या चाकांखाली सरकवल्या. सारवलेल्या उतरत्या अंगणात त्या अशा काही डगमगल्या की छायाने घाईने पुन्हा ओढून काढल्या.

"मी उद्या सीटचा सांगाडा दोन बोटं कापून खाली घेतो," वाल्मिक म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच अंगणाच्या आत मावला.

"उद्याचं उद्या," गजाशेठ म्हणाला. "ठरलंय आजचं."

पायरीवर उभ्या असलेल्या भिवाजीला सगळं एका दमात कळलं. वाल्मिकने मापं घेतली तेव्हा हौद्यात पोती होती. संतोषने महिनाभर सराव केला तेव्हाही पोती होती. गाडी भाताच्या ओझ्याने दोन बोटं खाली बसली होती, आणि काल त्याने स्वतःच्या पाठीवरून ते ओझं उतरवून ओटीवर नेलं होतं. दुसऱ्या कुणाच्या ध्यानात येईना, आणि कमळ्याच्या तर येणं शक्यच नव्हतं. भिवाजीला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. थोड्या वेळात गाडी लोधिवलीला गेली असती आणि पोरगा घरात, डोळ्यांसमोर राहिला असता. त्याने गप्प राहायचं ठरवलंही.

संतोषने तिसऱ्यांदा जोर लावला. मग फळी काढली, नीट पुसली आणि मांडीवर ठेवली.

"शेठ, चावी देतो तुमाला," तो म्हणाला. आणि मग पायरीकडे वळून त्याने दोन्ही हात वर केले, लहान मूल करतं तसे. "बाबा, उचला मला. आत न्या."

हॉस्पिटलातून आल्यापासून भिवाजी त्याला उचलत होता आणि तेव्हापासून संतोष म्हणत होता, ऱ्हाऊ द्या, मी करतो. आज पहिल्यांदा त्याने स्वतःहून हात वर केले होते. भिवाजीचे हात आपसूक पुढे झाले आणि तसेच थांबले. पोराचा तो चेहरा त्याला बघवेना. पेंढ्यावरून पडला त्या दिवशीही तो असा दिसला नव्हता. त्या दिवशी त्याला दुखत होतं, आज त्याने सोडून दिलं होतं.

"नाय उचलनार," तो म्हणाला आणि हात मागे बांधले.

इंदूबाई काही बोलणार तोच भिवाजी कमळ्यावर खेकसला, "बगतोस काय? चड मागं!"

"कुठं?"

"हौद्यात! पोती हुती तवा गाडी खाली बसली हुती. पोती मी काढली. आता परत चडवायला दुपार होईल. मानसं हायती ना? चडा!"

वाल्मिकने कपाळावर हात मारला. "आयला, स्प्रिंगच्या पाट्यांवर ओझं हुतं! आनि मी टेप घेऊन..." पुढचं कुणी ऐकलंच नाही. हौद्याचा मागचा फाळका धाडकन पडला आणि अख्खी आळी खिशातले हात काढून गाडीवर तुटून पडली. इतके दिवस हातांना उचलायची सवय लागलेली, आज बसायचं काम मिळालं होतं. कमळ्या चढला, त्याचा भाऊ चढला, वाल्मिक इस्त्रीच्या शर्टासकट चढला, बायका एकमेकींना ओढत चढल्या. इंदूबाईने पदर खोचला आणि सुनेचा हात धरून वर गेली.

"मागं नको, फुडं सरका, केबिनला चिकटून!" भिवाजी पोती रचल्यासारखी माणसं रचत होता. "गौराबाई, तू फुडं. तुज्यावर भरोसा हाय."

"जळली तुजी जीभ," दणदणीत अंगाची गौराबाई म्हणाली आणि पुढे सरकली.

"हे काय चाललंय?" गजाशेठ चहा ठेवून उठला. "असं ठरलं नव्हतं!"

"कुनी हात लावला काय त्याला?" भिवाजीने विचारलं. "लावला आसंल तर सांगा."

गजाशेठने गाडीकडे बघितलं, फळीकडे बघितलं, संतोषच्या तोंडाकडे बघितलं. संतोष हसायला लागला होता. गजाशेठ धंद्याचा माणूस खरा, पण असा तमाशा त्याला लोधिवलीत बसून दिसला नसता.

"अजून बोटभर कमी दिसतंय," तो म्हणाला. "सरा जरा." आणि तो चढला. गाडी अशी कण्हली की बायका किंचाळल्या.

संतोषने फळी टाकली. अजून किंचित चढ होता, नखभर. "एकच मानूस पायजे," वाल्मिक वरून ओरडला.

खाली एकच माणूस उरला होता.

भिवाजीने गाडीकडे पाहिलं. मागे आपण काय बोललो होतो ते त्याला आठवत होतं आणि सगळ्या आळीलाही आठवत होतं. तो पुटपुटला, "नाव बदलून घेईन," आणि फाळक्यावर पाय ठेवून वर चढला. लोकांनी त्याला केबिनला लागून जागा करून दिली, जिथे तो पूर्वी उभा राहायचा तिथेच.

खालून फळी ठकठकल्याचा आवाज आला, एक हुंकार, आणि मग सीट दबल्याचा. वरून कुणालाच दिसत नव्हतं.

"बसलो," संतोष म्हणाला.

जो आरडाओरडा झाला त्याने कोंबड्या छपरावर गेल्या. वाल्मिकच्या लोखंडी हाताने खुर्ची उचलली, पण हौद्यात ठेवायला जागाच नव्हती, तेव्हा ती गजाशेठच्या मांडीवर आली आणि त्याने ती देवाच्या मूर्तीसारखी दोन्ही हातांनी धरली. गाडी सुरू झाली. पहिल्यांदा एक गचका बसला, सगळे एकमेकांवर पडले, मग ती अंगणातून बाहेर पडून वळली, आळीतून सावकाश पुढे निघाली. मागच्या काचेतून भिवाजीला पोराची मान दिसत होती, दांड्यावरचा हात दिसत होता. भिवाजीला भीती वाटत होती. खूप वाटत होती. त्याने टपाची कड घट्ट धरली होती आणि प्रत्येक खड्ड्याला तो तोंडातल्या तोंडात एकविरेचं नाव घेत होता. पण खड्डे संतोषला पाठ होते, तो एकेक चुकवत गेला.

देवळाशी पिंपळाखाली गाडी उभी राहिली. ठरल्याप्रमाणे इथून वळायचं होतं.

"झालं, मान्य!" गजाशेठ खुर्चीमागून म्हणाला. "गाडी तुमची. आता मला घरी सोडा, पाय सुन्न झाले."

घराकडे वळायला संतोषने गिअर मागे घेतला. देवळापासून उजवीकडे गाडीवाट जायची, ओढा ओलांडून त्यांच्या शेतापर्यंत. भात निघाल्यावर तिथे वाल टोचला होता, आता शेंगा भरल्या होत्या. सव्वा वर्षात संतोषने आपलं शेत बघितलं नव्हतं. त्या वाटेवर खुर्ची जात नव्हती, आणि पाठीवर बसून जायला तो कधी तयार झाला नव्हता. भिवाजी रोज तिथून यायचा आणि ओटीवर बसून त्याला सांगायचा, बांध असा झालाय, वाल तसा आलाय. संतोष ऐकून घ्यायचा, एक शब्द विचारायचा नाही.

भिवाजीने त्या वाटेकडे पाहिलं. मग हात उचलला आणि टपावर दोन थापा मारल्या.

गाडी जागच्या जागी थांबून राहिली. आत संतोष वळून मागच्या काचेतून बघत होता. बापाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

"आरं, ऐकू येत नाय काय?" भिवाजी ओरडला आणि पुन्हा दोन थापा मारल्या. "चल!"

संतोषने दांडा दाबला आणि गाडी उजवीकडे वळली.